रकाना क्रमांक दोन : पतीचे नाव

सुरुवात मी स्वतः तयार केलेल्या एका फॉर्मपासून करते, म्हणजे कुणाला वाटायला नको की ही बाई फक्त सरकारच्या नावाने बोटे मोडते आहे.

एम.एस.डब्ल्यू. होऊन मी नगर जिल्ह्यात कामाला लागले, तेव्हा आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बाईची माहिती लिहून घेण्यासाठी एक फॉर्म हवा होता. तो मी बसवला. चार पानी, टाईप केलेला, मला त्याचा अभिमानच होता. रकाना क्रमांक एक : अर्जदाराचे संपूर्ण नाव. रकाना क्रमांक दोन : पतीचे नाव. तीन : पतीचा व्यवसाय. चार : पतीचे मासिक उत्पन्न. ती स्वतः काय काम करते हा प्रश्न पार नवव्या रकान्यात होता. ती आली कशासाठी, हे विचारायला आम्हाला तिसरे पान उजाडत होते.

२०२३ च्या उन्हाळ्यात पाथर्डीकडची एक बाई केंद्रात आली. वय चाळिशीचे, नुकतीच ऊसतोडीवरून परतलेली. चौथीपर्यंत शाळा झालेली, अडखळत का होईना वाचता येत होते. मी फॉर्म आणि पेन तिच्या हातात दिले आणि दुसऱ्या कामाला लागले. बऱ्याच वेळाने पाहिले तर ती दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवून बसलेली.

"ताई, इथं कुणाचं नाव लिहू? त्यानं तर दुसरी केली. बारा वर्सं झाली, तोंड नाही पाहिलं त्याचं."

मी म्हणाले, "लिहा ना ताई, कागदोपत्री तोच आहे अजून."

तिने कागद टेबलावर ठेवला, पेन त्यावर आडवे ठेवले, "पाणी पिऊन येते" म्हणाली आणि गेली. ती परत आली ती अडीच वर्षांनी.

त्या दिवशी मी तिला काय म्हणाले? ज्या माणसाने तुला टाकले त्याच्या नावाने ओळख सांग, मग तुझे दुःख ऐकते. हे मी तोंडाने म्हणाले नसेन, पण माझ्या फॉर्मने ते सांगितले. आणि आम्ही तर बायकांच्या बाजूने उभे असलेले लोक!

म्हणून हा लेख. आपल्या चळवळीत कायद्यावर चर्चा होते, योजनेवर होते, अंदाजपत्रकावर होते. फॉर्मवर होत नाही. फॉर्म म्हणजे कारकुनाचे काम, असे आपण धरून चाललो आहोत. पण गावातल्या बाईला कायदा कधी भेटत नाही, योजनाही भेटत नाही. तिला भेटतो तो फॉर्म. मंत्रालयात काय ठरले ते तिच्यापर्यंत पोचते ते रकाने, चौकोन आणि 'सोबत जोडावयाची कागदपत्रे' यांच्या रूपाने. तिथे ती अडली की योजना तिच्यापुरती संपली. मग अंदाजपत्रकात कितीही कोटी असोत.

सोपे करता येते, हे त्यांनीच दाखवले

ताजे आणि सर्वांना माहीत असलेले उदाहरण घेऊ. २८ जून २०२४ रोजी राज्याच्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली. महिन्याला १५०० रुपये. सुरुवातीच्या नियमांत अधिवासाचा दाखला होता, उत्पन्नाचा दाखला होता, पाच एकर जमिनीची अट होती. तहसील कचेऱ्यांपुढे आणि सेतू केंद्रांपुढे रांगा लागल्या. आणि मग काय झाले? जुलैच्या पहिल्याच आठवड्यात नियम बदलले. अधिवासाच्या दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला चालेल, असे ठरले. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. जमिनीची अट गेली. वयाची मर्यादा साठवरून पासष्ट झाली.

एक आठवडा! मैत्रिणींनो, आठवडाभरात फॉर्म सोपा झाला. जी कागदपत्रे कालपर्यंत अत्यावश्यक होती ती आज अनावश्यक ठरली. विधानसभेची निवडणूक पाच महिन्यांवर होती, एवढे सांगितले की पुरे. तेव्हा 'फॉर्म असाच असतो, नियमच तसा आहे' असे जेव्हा कुणी खिडकीतून सांगेल तेव्हा हा आठवडा लक्षात ठेवा. अवघड फॉर्म हा निसर्गनियम नाही. कुणाला आत घ्यायची इच्छा असली की फॉर्म सोपा होतो, बाहेर काढायची असली की अवघड होतो.

ते बाहेर काढणेही पुढे दिसलेच. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्व लाभार्थी बायकांना ई-केवायसी सक्तीची झाली. बाईने आपला आधार क्रमांक घालायचा, आपल्या फोनवर आलेला ओटीपी घालायचा. इथपर्यंत ठीक. पण त्यानंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक घालायचा, आणि त्यांच्या आधारला जोडलेल्या फोनवर जाणारा ओटीपी आणायचा.

आता गंमत पाहा. याच योजनेच्या २०२४ च्या पात्रतेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, निराधार यांच्या जोडीला 'परित्यक्ता' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे नवऱ्याने टाकलेली बाई या राज्यात असते, हे शासनाला मान्य आहे. आणि एका वर्षाने त्याच शासनाने तिला सांगितले की टाकून गेलेल्याकडून ओटीपी घेऊन ये. ओरड झाल्यावर मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली आणि नवरा वा वडील हयात नसणाऱ्यांसाठी, घटस्फोटितांसाठी वेगळी सोय केली : मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा कागद किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्या. पण टाकलेल्या बाईजवळ यातले काय असते? नवरा मेलेला नाही, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. घटस्फोट झालेला नाही, कारण त्याने न विचारताच दुसरे घर केले. टाकले जाण्याचा दाखला कोणता तलाठी देतो?

संगमनेरपासून इथपर्यंत

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही, हे सांगायला हवे. टाकलेल्या बायकांचा प्रश्न महाराष्ट्रासमोर जाहीरपणे मांडण्यात संगमनेर पुढे होते. १९८८ मध्ये समता आंदोलनाने, अॅड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तिथे परित्यक्तांना एकत्र आणले. त्या वेळच्या मागण्यांत पोटगी होती, निवारा होता आणि स्वतंत्र रेशनकार्डही होते. रेशनकार्ड का? कारण नवऱ्याच्या कार्डावरून नाव कमी झाले आणि बापाच्या कार्डावर चढले नाही की ती बाई कोणत्याच कागदावर उरत नव्हती. म्हणजे तेव्हाही लढा एका अर्थी रकान्याचाच होता : मला माझ्या नावाचा कागद द्या.

तेव्हापासून बरेच मिळाले. १९९४ मध्ये महाराष्ट्राचे पहिले महिला धोरण आले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या तेराव्या कलमाने रेशनकार्डावर घरातली अठरा वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख ठरली. २०१६ च्या अखेरीस पासपोर्टच्या नियमांत बदल झाला, विभक्त बाईला नवऱ्याचे नाव देण्याची सक्ती गेली. २०१८ मध्ये पॅनकार्डाच्या अर्जात एकट्या आईच्या मुलाला बापाचे नाव न लिहिण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या नावाआधी आईचे नाव लिहायचे ठरले. मात्र त्याच निर्णयात विवाहित बाईच्या नावाची पद्धत जुनीच राहिली : तिचे नाव, मग नवऱ्याचे, मग आडनाव.

२०२४ मध्येच आपल्या जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. सगळ्या फॉर्मांचे मथळे बदलायला निघाले. मथळ्याखालचा 'पतीचे नाव' हा रकाना मात्र कुणाला बदलावासा वाटला नाही. अहिल्याबाईंनी नवऱ्यामागे जवळजवळ तीस वर्षे राज्य सांभाळले, हे भाषणात सांगायला ठीक असते.

ती परत आली

नोव्हेंबर २०२५ मध्ये माझी पाथर्डीची बाई परत आली. तिचे पैसे परित्यक्ता म्हणून सुरू झाले होते. त्या पैशांतून तिने किराणा दुकानाची उधारी फेडली होती, एक शेळी घेतली होती. आता ई-केवायसी अडली. वडील वारून पंचवीस वर्षे झालेली, त्यांच्या मृत्यूची नोंदच नाही. म्हणून तिने भाच्याला नवऱ्याच्या गावी पाठवले. निरोप आला : ओटीपी देतो, पण पोटगीचा दावा काढून घे.

पोटगीचा दावा तिने आमच्या मदतीशिवाय, गावातल्या एका वकिलाला गाठून लावला होता. बारा वर्षे ज्या माणसाला तिच्यावर काही चालवता आले नाही, त्याच्या हातात सहा आकड्यांची किल्ली आली. रकाना लिहिणाऱ्याच्या हे मनातही नसेल. त्याला 'कुटुंबाची पडताळणी' करायची होती. पण फॉर्म कुणाच्या हाती काय सोपवतो, हे पाहिल्याशिवाय फॉर्म लिहू नये. ज्याच्यापासून बाई सुटू पाहते त्याच्याच परवानगीवर तिचा हक्क टांगणारा फॉर्म हा नुसता अवघड नाही, तो धोक्याचा आहे.

शिवाय वेळ पाहा. आपल्याकडे पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्या दिवाळीनंतर रिकाम्या होतात. कोयत्याला गेलेली बाई फडात असते. तिची मुदत डिसेंबरअखेर! कारखान्याच्या तळावर ना अंगणवाडी तिची, ना धड रेंज, आणि मुकादम सुट्टी देत नाही. फॉर्मची तारीख ठरवताना ऊसतोडीचा हंगाम कुणी पाहिला होता का?

हो म्हणावे की नाही?

याच ई-केवायसीत दुसरी एक चूक होती. तीत नवरा नाही, टाकणे नाही, फक्त वाक्यरचना आहे. कुटुंबातील सदस्य सरकारी नोकरीत कायम कर्मचारी म्हणून कार्यरत नाहीत, निवृत्तिवेतन घेत नाहीत, अशा अर्थाचे लांबलचक नकारी वाक्य, आणि त्यापुढे पर्याय : हो / नाही.

तुम्हीच सांगा, ज्या घरात कुणी नोकरीला नाही त्या घरच्या बाईने काय निवडावे? आपल्या बोलण्यात "घरी कुणी नोकरीला नाही ना?" असे विचारले तर एक बाई "हो" म्हणेल, म्हणजे बरोबर, कुणी नाही. दुसरी "नाही" म्हणेल, म्हणजे नाहीच कुणी. दोघींचे मराठी शुद्ध आहे, दोघी खरे बोलत आहेत. समोर माणूस असेल तर त्याला दोन्ही समजते. यंत्राने मात्र "नाही" म्हणणारीला सरकारी नोकरदाराच्या घरची ठरवले. अनेक बायकांचे पैसे थांबले. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांना जाहीर करावे लागले की चुकीचा पर्याय निवडला गेलेल्यांची अंगणवाडी सेविकांकडून प्रत्यक्ष पडताळणी होईल.

"चुकीचा पर्याय निवडला" ही भाषा लक्षात घ्या. चूक बाईची! अहो, एकीने चूक केली तर ती तिची असेल. गावोगावच्या बायका एकाच ओळीवर चुकत असतील तर चूक त्या ओळीची आहे. "तुमच्या घरात कुणी सरकारी नोकरीत आहे का? आहे / नाही." एवढे लिहिले असते तर अंगणवाडी सेविकेवर, जिच्या मानधनासाठी आपण मोर्चे काढतो तिच्यावर, हे आणखी एक ओझे पडले नसते. छापण्यापूर्वी हे वाक्य दहा बायकांना वाचून दाखवायला किती खर्च आला असता? एक सकाळ आणि दहा कप चहा.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप ठरलेला : फॉर्म सोपा केला की खोटे लोक घुसतात. २०२५ मध्ये या योजनेचे पैसे पुरुषांनीही उचलल्याचे उघड झाले, हे खरे आहे. पण ते तर कागदपत्रांसकटच आत आले होते ना! लबाडाला अवघड फॉर्मची भीती नसते. त्याच्याजवळ एजंट असतो, ओळख असते, वेळ असतो. अवघड फॉर्म गाळतो तो खऱ्या गरजवंताला : जिला मजुरी बुडवून तीन खेपा घालणे परवडत नाही तिला. पडताळणी जरूर करा. पण तिची नोंद ज्या दप्तरांत आधीच आहे ती शासनाने आपसात तपासावीत. सरकारच्या एका खिडकीने दिलेला कागद सरकारच्याच दुसऱ्या खिडकीला नेऊन देणे, हे हमालाचे काम बाईने का करावे?

दुसरा आक्षेप आपल्यातला आहे आणि तो मला जास्त टोचतो. "बायकांना जमत नाही तर आपण भरून देऊ." आपण संस्थांवाले फॉर्म भरण्याची शिबिरे घेतो, फोटो काढतो, 'अमुक इतके अर्ज भरून दिले' असे वार्षिक अहवालात छापतो. मीही छापले आहे. पण हा आकडा मिरवायचा की लाजायचा? जो फॉर्म भरायला एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई लागते तो फॉर्म नापास आहे. आपण तो निमूट भरून देतो म्हणून तो तसाच राहतो. फॉर्म भरून देणे ही सेवा झाली. फॉर्म बदलायला लावणे हे आपले काम आहे.

हे काम जगात झालेले आहे. इंग्लंडमध्ये क्रिसी माहेर नावाच्या लिव्हरपूलच्या बाईने १९७९ मध्ये लंडनच्या पार्लमेंट चौकात दुर्बोध सरकारी फॉर्म जाहीरपणे फाडले. तिला स्वतःला पोरवय सरत येईपर्यंत वाचता येत नव्हते. तिथून सोप्या इंग्रजीची मोहीम उभी राहिली.

आणि इतक्या दूर कशाला? आपल्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकाराचे आंदोलन चालवले, राज्याचा कायदा २००२ मध्ये झाला, देशाचा २००५ मध्ये. त्या कायद्याचे सहावे कलम वाचा. ज्याला लेखी विनंती करता येत नाही त्याची तोंडी विनंती लिहून घेण्यासाठी माहिती अधिकाऱ्याने सर्व वाजवी साहाय्य करायचे आहे. आणि माहिती कशासाठी हवी, याचे कारण विचारायचे नाही. म्हणजे लिहिता न येणे हा नागरिकाचा गुन्हा नाही, लिहून घेणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. हे तत्त्व एका कायद्यात बसले तर बाकीच्यांत का बसू नये?

आम्ही काय केले, आणि काय मागायचे

आधी आपले घर झाडावे म्हणून आम्ही आमचा चार पानी फॉर्म काढला आणि सहा बायकांना घेऊन बसलो. पाथर्डीची ती होतीच. प्रत्येक रकान्यावर एकच प्रश्न विचारला : याचे आपण करतो काय? पोटजात लिहून घेत होतो, कधीच वापरली नव्हती. नवऱ्याचे उत्पन्न लिहून घेत होतो, बायकांनी ते अंदाजाने ठोकून दिलेले होते. असे निम्म्याहून अधिक रकाने गेले. उरलेले एका पानावर आले. आता पहिला प्रश्न आहे : आम्ही तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू? दुसरा : कशासाठी आलात? पतीचे नाव पोटगी किंवा मारहाणीच्या प्रकरणात लागेल तेव्हाच, शेवटी, विचारून. आणि एक प्रश्न त्या सहा जणींनी घातला, जो मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता : या नंबरवर फोन केला तर कोण उचलेल? आमच्या फोनमुळे घरी मार खाल्लेली एक त्यांच्यातच बसली होती. हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले.

यातून आमच्या मागण्या अशा :

१. बायकांसाठीचा कोणताही फॉर्म छापण्याआधी तो ज्यांनी भरायचा आहे अशा बायकांकडून प्रत्यक्ष भरून पाहावा. जिथे त्या थांबतील ती ओळ बदलावी.

२. नवऱ्याचे किंवा बापाचे नाव, आधार वा ओटीपी कोणत्याही योजनेत सक्तीचा नसावा. टाकलेल्या बाईचे स्वतःचे लेखी कथन पुरावा म्हणून घ्यावे. खोटे असल्यास शासनाने ते सिद्ध करावे.

३. एका वाक्यात एकच प्रश्न. नकारी वाक्यापुढे हो / नाही नको.

४. जो कागद शासनाजवळ आहे तो पुन्हा मागू नये.

५. लिहिता न येणाऱ्या बाईचा अर्ज कर्मचाऱ्याने लिहून घ्यावा, वाचून दाखवावा आणि तारखेची पोच द्यावी. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांसाठी पोच आणि मुदत बंधनकारक आहेच. ती सर्वच योजनांना लावावी.

६. ऊसतोडीच्या हंगामात अंतिम तारीख ठेवू नये.

पाथर्डीच्या बाईने पोटगीचा दावा काढून घेतला नाही. ओटीपी आला नाही. अंगणवाडी सेविकेजवळ तिचे लेखी कथन आम्ही दिले आहे. त्याची पोच मागितली तेव्हा "पोच देण्याची पद्धत नाही" असे उत्तर मिळाले. हप्ता थांबलेला आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या तालुक्यात, बँकेत, दवाखान्यात, शाळेत, आणि हो, तुमच्या स्वतःच्या संस्थेतही, ज्या फॉर्मच्या ज्या रकान्यावर बाई अडली त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवा. बाईचे नाव नको, फक्त रकान्यावर खूण करा आणि ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहा. पुढच्या अंकात ते आम्ही छापू, आणि सगळे गोळा करून जिल्हाधिकारी कचेरीत घेऊन जाऊ. त्याची पोच मात्र घेतल्याशिवाय उठायचे नाही.